साताऱ्याचा राजपथ समजून घ्यायचा तर आधी उतार बघा

पोवई नाक्यावर उभं राहून कुणी राजवाड्याचा रस्ता विचारला, की सातारकर हमखास उलट विचारतो, "वरच्या रस्त्यानं जायचंय का खालच्या?" पाहुण्याला यातलं काहीच कळत नाही. नकाशात तर दोन रस्ते शेजारी शेजारी दिसतात. त्यातला एक वर आणि एक खाली कसा?

वरचा म्हणजे राजपथ, खालचा म्हणजे कर्मवीर पथ. दोन्ही पूर्वेकडून पश्चिमेला राजवाड्याच्या दिशेनं जातात. दर वर्षी कासची फुलं सुरू झाली की बाहेरच्या गाड्या या रस्त्यांवर येतात, कोंडी होते, आणि राजपथ रुंद करा, एकेरी करा, जुनी बांधकामं काढा अशी चर्चा सुरू होते. हा रस्ता इथूनच का गेला आणि असाच का गेला, ते या चर्चेत कुणी विचारत नाही. ते कळल्याशिवाय त्याचं काय करायचं हे ठरवता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी जमीन

सातारा सपाटीवरचं शहर नाही. दक्षिणेला अजिंक्यताऱ्याचा डोंगर, पश्चिमेला यवतेश्वर, उत्तरेला खाली वेण्णा नदी. वेण्णा पुढे पूर्वेला संगम माहुलीला कृष्णेला मिळते. म्हणजे जुनं शहर गडाच्या पायथ्यापासून नदीकडे घरंगळत गेलेल्या जमिनीवर वसलंय. पाऊस पडला की पाणी गडाकडून ओढ्यांनी खाली वेण्णेकडे धावतं.

अशा जमिनीवर रस्ता दोन प्रकारे काढता येतो. एक उताराला आडवा, दुसरा उतारावरून सरळ खाली. उताराला आडवा गेलेला रस्ता फारसा चढत नाही आणि उतरतही नाही, कारण तो एकाच उंचीवरची ठिकाणं जोडत जातो. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या अशा कल्पित रेषेला भूगोलात समोच्च रेषा म्हणतात. आपल्याकडच्या डोंगराळ शेतीत ताली घालतात, त्यातलंच हे गणित आहे. ताल उताराला आडवी घालतात, एका तालीवरून चालताना दम लागत नाही, पण एका तालीवरून दुसरीवर जायचं तर चढावं किंवा उतरावं लागतं. राजपथ ही वरची ताल, कर्मवीर पथ खालची.

दोन्ही रस्त्यांना जोडणाऱ्या बोळांतून एकदा पायी गेलात की हे पायांनाच कळतं. राजपथावर पूर्व-पश्चिम चालणं सोपं, पण खालच्या रस्त्यावरून बाजाराची पिशवी घेऊन वर यायचं तर धाप लागते. बैलगाडी, पालखी, हत्ती, तोफा, यातलं काहीही ज्या काळी न्यावं लागे, त्या काळात मुख्य रस्ता आडवाच असणार होता.

गडावरून खाली उतरलेलं शहर

अजिंक्यतारा मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मराठ्यांची राजधानी इथं आली. औरंगजेबानं डिसेंबर १६९९ मध्ये वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी गड महिनोन् महिने झुंजवला आणि एप्रिल १७०० मध्ये तो मोगलांकडे गेला. मोगलांनी त्याचं नाव आजमतारा ठेवलं, पुढे मराठ्यांनी तो परत घेतला.

पण शहर म्हणून साताऱ्याचा जन्म झाला तो शाहू महाराजांमुळे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये ते मोगलांच्या कैदेतून सुटले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. गडावर दरबार भरवता येतो, पण व्यापारी, कारागीर, सराफ, पागा, सरदारांचे वाडे हे सगळं गडावर मावत नाही. त्याला पाणी लागतं, जागा लागते, येण्याजाण्याची वाट लागते. म्हणून गडाखाली शाहूनगर वसलं. वारांच्या नावाच्या पेठा, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, मल्हार, चिमणपुरा, भवानी, सदाशिव अशी वस्ती गडाच्या कुशीतून खाली पसरत गेली. शाहू महाराज स्वतः गडाखाली रंगमहालात राहायला आले आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कारकिर्दीत पेशवाईची वस्त्रं छत्रपतींकडून मिळत होती. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव, नानासाहेब, सगळ्यांचा धनी साताऱ्यात होता. पुढे कारभार पुण्याला गेला आणि साताऱ्याचं वजन कमी झालं. म्हणूनच आजच्या राजपथाची मुख्य गोष्ट अठराव्या शतकात नाही, ती एकोणिसाव्या शतकात आहे.

रस्त्याची दोन टोकं

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांबरोबर असलेले तरुण छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी पेशवाई बुडवली, पण साताऱ्याची गादी ठेवली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानं महाराजांना मर्यादित राज्य मिळालं. सुरुवातीला कारभार पाहायला कंपनीचा माणूस होता, जेम्स ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. १८२२ मध्ये महाराजांनी पूर्ण कारभार हाती घेतला.

लढाया संपल्या होत्या, इंग्रजांच्या संमतीशिवाय फौज वाढवायला मनाई होती. मग या राजानं आपली सगळी ताकद शहरावर लावली. राजवाडा बांधला, रस्ते केले, पाण्याची सोय केली, महाबळेश्वरपर्यंत रस्ता नेला. प्रतापगंज पेठेला त्यांचं नाव आहे, आणि राजवाड्यासमोरच्या गोल बागेत त्यांचा पुतळा आहे.

आता नकाशा पुन्हा बघा. पश्चिमेच्या टोकाला छत्रपतींचा राजवाडा. पूर्वेला, शहराच्या बाहेर, इंग्रजांची छावणी आणि रेसिडेन्सी, म्हणजे दरबारावर नजर ठेवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीचं ठाणं. आजचा सदर बझार आणि कॅम्पचा भाग तोच. एका बाजूला सिंहासन, दुसऱ्या बाजूला त्यावर लक्ष ठेवणारा गोरा साहेब, आणि मधून जाणारी मुख्य वाट. राजपथाचं महत्त्व या दोन टोकांमधल्या ओढाताणीत आहे. या वाटेच्या एका टोकाला महाराज शहर घडवत होते, आणि दुसऱ्या टोकाकडून त्यांच्यावर संशयाची कागदपत्रं तयार होत होती.

१८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना कारस्थानाच्या आरोपावरून पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, वर्षानुवर्षं तिथं झगडले, पण न्याय मिळाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले. गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्या काळात जुन्या राजवाड्याशेजारी नवा राजवाडा उभा राहिला. १८४८ मध्ये तेही गेले. औरस वारस नाही, दत्तक आम्हाला मान्य नाही, असं म्हणून डलहौसीनं राज्य खालसा केलं, म्हणजे कंपनीच्या मुलखात सामील केलं.

पोवई नाका ही शहराची जुनी हद्द होती, याचा पुरावा दसऱ्याला आजही डोळ्यांनी दिसतो. जलमंदिर वाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते आणि पोवई नाक्यावर सीमोल्लंघन होतं. सीमोल्लंघन गावाच्या मधोमध करत नाहीत. शहर नाक्याच्या पुढे कित्येक किलोमीटर पसरलं, पण परंपरेनं हद्द तिथंच धरून ठेवली आहे. अजिंक्यताऱ्याच्या अंगावरच्या चार भिंती या वास्तूबद्दलही असंच सांगतात, की राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक उंचावरून पाहता यावी म्हणून ती बांधली. तिथं उभं राहिलं की शहराचा पूर्व-पश्चिम पसारा खाली स्पष्ट दिसतो. राजपथाचा इतिहास समजून घ्यायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

राजा गेल्यावर राजवाड्याचं काय झालं?

राज्य खालसा झालं, इमारती सरकारजमा झाल्या. राजवाड्यात न्यायालय आलं, शाळा आली. पुष्कळ जणांना हा राजवाड्याचा अपमान वाटतो. मला तसं वाटत नाही, कारण त्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव घातलं गेलं. रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर त्याची सही आहे, भिवा. हा भिवा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९०४ पर्यंत ते साताऱ्यात शिकले. त्या वेळचं सातारा हायस्कूल म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि हा शाळाप्रवेश दिन राज्य शासन २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळतं.

ज्या वास्तूत एकेकाळी जातीनं आणि मानानं बसायच्या जागा ठरत होत्या, तिथंच त्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं गेलं, आणि तिथूनच तो पुढे गेला. राजवाड्याकडे पाहताना छत्रपतींइतकंच हेही आठवलं पाहिजे.

आणि दुसऱ्या टोकाला, पोवई नाक्याजवळ, रयत शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालय आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात सुरू झालेली ही संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात आली. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकावं म्हणून भाऊरावांनी काढलेल्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं गेलं. खालच्या रस्त्याला कर्मवीर पथ म्हणतात ते यांच्यामुळे.

कमानी हौद तिथंच का?

राजपथावरून जाताना मोती चौक, देवी चौक अशी नावं येतात आणि मग कमानी हौद येतो. मोती चौकात पेढे आणि सोनं दोन्हीची गर्दी, तिथं कुणालाही थांबावंसं वाटतं. कमानी हौदापाशी मात्र रिक्षातून उतरण्यापुरतेच लोक थांबतात. खरं तर या रस्त्यावरची सर्वांत हुशारीची गोष्ट हौद हीच आहे.

पंप नव्हते तेव्हा पाणी एकाच जोरावर शहरात येई, उतारावर. यवतेश्वराच्या बाजूचे झरे आणि तलाव शहरापेक्षा उंचावर आहेत. तिथून भाजलेल्या मातीच्या नळांतून, म्हणजे खापरी नळांतून, पाणी आणायचं. यात एक अडचण असते. बंद नळातून पाणी जितकं खाली उतरतं तितका त्याचा दाब वाढतो. दर १० मीटर उतरणीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. मातीचा नळ असा दाब फार सोसत नाही, सांधे फुटतात. म्हणून वाटेत उघडे हौद लागतात. पाणी हौदात आलं की दाब मोडतो आणि पुढच्या नळाचा प्रवास नव्यानं सुरू होतो. शिवाय हौदात गाळ बसतो, रात्रभर वाहिलेलं पाणी सकाळच्या गर्दीसाठी साठतं, आणि भरून वाहिलेलं पाणी खालच्या हौदाला देता येतं.

म्हणजे हौद कुठं बांधायचा हे शोभेवर ठरत नसे, उंचीवर ठरे. वरच्या रस्त्यावर हौद असला तर त्यातून खालच्या पेठांना पाणी आपोआप देता येतं. खालच्या रस्त्यावरच्या हौदातून वरच्या पेठेला थेंबही चढणार नाही. राजपथ आणि हौद यांची सांगड अशी आहे.

आता घरोघरी नळ आले, मग हे सगळं कालबाह्य झालं ना? नाही झालं. कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर, सातारा शहर साधारण ७०० मीटरवर. कास तलावाचं पाणी पूर्वी पाटानं येई, आता जलवाहिनीनं येतं, पण येतं ते उतारावरच. शहापूर योजनेचं पाणी मात्र उरमोडी नदीवरून पंपानं उचलावं लागतं. वीज गेली की ते थांबतं आणि विजेचं बिल पालिकेला भरावं लागतं. ज्या पेठांना कासचं पाणी मिळतं ते लोक अजूनही अभिमानानं सांगतात. प्रतापसिंह महाराजांच्या काळातल्या माणसांना जे गणित कळलं होतं, ते दोनशे वर्षांनीही पैसे वाचवतंय.

"पण कोंडीचं काय? इतिहासानं गाडी पुढे सरकत नाही"

बरोबर आहे. कोंडीचा त्रास खरा आहे, विशेषतः रुग्णवाहिका अडकते तेव्हा. म्हणून तर जानेवारी २०२१ मध्ये पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर सुरू झाला. ग्रेड सेपरेटर म्हणजे एकमेकांना छेदणारे रस्ते वेगवेगळ्या पातळीवरून नेणं, इथं काही वाहतूक जमिनीखालून जाते. त्यामुळे नाक्यावर एकमेकांसाठी थांबणं कमी होतं. राजपथाची मूळ रुंदी त्यानं वाढत नाही. नाक्यातून सुटलेली गाडी पुढे मोती चौकात तेवढीच अडकते, कारण तिथला प्रश्न छेदरस्त्यांचा नाही, दोन्ही कडांना उभ्या केलेल्या गाड्यांचा आहे. एका बाजूनं चारचाकी लावली तरी चालत्या वाहतुकीची एक अख्खी पट्टी जाते.

कास, ठोसेघर, सज्जनगडला जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना राजपथावरून जायची गरज असते का, हाही प्रश्न आहे. राजवाडा, समर्थ मंदिर, बोगदा या वाटेनं जाणं त्यांना सोपं वाटतं, कारण मोबाइलचा नकाशा तेच दाखवतो. सुट्टीच्या दिवशी त्यांची वाट नाक्याच्या आधीच वेगळी करता आली, तर राजपथावर उरेल ती मुख्यतः सातारकरांची स्वतःची वर्दळ.

"मग रुंद करा ना सरळ"

रुंदीकरण कसं होतं ते आधी पाहू. विकास आराखड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक नवी रेषा आखतात. जुनं घर तसंच राहतं, पण पाडून नवं बांधायचं तर त्या रेषेच्या मागे सरकावं लागतं. सगळी घरं एकाच वर्षी पाडली जात नाहीत. एक आज मागे सरकतं, शेजारचं वीस वर्षांनी. मधल्या काळात रस्ता करवतीच्या दात्यांसारखा होतो. पुढे आलेल्या घरांमुळे वाहतूक अडतेच, आणि मागे सरकलेल्या घरांपुढच्या खाचेत दुचाक्या आणि टपऱ्या बसतात. रुंदीचा फायदा अखेरचं घर सरकेपर्यंत मिळत नाही, तोटा मात्र पहिल्या घरापासून सुरू होतो.

साताऱ्यात त्यात उताराची भर पडते. वरच्या अंगाला सरकायचं तर डोंगराकडे खोदावं लागतं, खालच्या अंगाला सरकायचं तर भराव घालून भिंत बांधावी लागते. आडव्या रस्त्याखालून ओढे आणि गटारं उतरतात, त्यांची तोंडं भरावात दबली तर पावसाचं पाणी वाट मिळेल त्या घरात शिरतं.

डांबराच्या थरांचंही तेच. जुना थर न खरवडता त्यावर नवा टाकत गेलं की रस्ता दर वेळी थोडा उंचावतो आणि दुकानांची जोती बुडत जातात. आधी पायऱ्या नाहीशा होतात, मग पाणी आत येतं. थर खरवडून मगच नवा टाकायचा, एवढी एक अट निविदेत पाळली गेली तरी जुन्या रस्त्याचं बरंचसं नुकसान टळतं.

"हेरिटेज यादीत घर गेलं तर खिळासुद्धा ठोकता येणार नाही"

ही भीती घराघरात आहे आणि ती दोन वेगळ्या कायद्यांच्या गोंधळातून येते. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीनंच, ही अट केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकांसाठी आहे. १९५८ च्या कायद्यात ती २०१० मध्ये घातली गेली. नगरपालिका क्षेत्रातली वारसा यादी ही निराळी गोष्ट. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत बाहेरचं रूप राखून आतले बदल करता येतात, तिसऱ्या श्रेणीत त्याहून जास्त मोकळीक असते. राजवाडा आणि पेठेतलं एखादं लाकडी माडीचं घर यांना एकच नियम लावा, असं कुणी म्हणत नाही.

मालकाच्या नुकसानीचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. शेजारी पाच मजले चढवतो आणि मी दुमजली वाडा सांभाळत बसू? यावर नियमांत टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, नावाचा उपाय आहे. प्लॉटवर जेवढं बांधता आलं असतं पण वारसा जपण्यासाठी बांधलं नाही, तेवढा हक्क कागदावर मिळतो आणि तो दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाला विकता येतो. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक मिळतं. साताऱ्याएवढ्या शहरात त्याला मागणी किती येईल याबद्दल मला शंका आहे.

त्यापेक्षा लवकर लागू पडणारे उपाय साधे आहेत. राहत्या जुन्या वाड्याला मालमत्ता करात सवलत द्यावी, दुरुस्तीची परवानगी नव्या बांधकामाच्या फाइलीत न अडकवता वेगळी आणि लवकर द्यावी, आणि सागवानी खांब, कडीपाट, चुन्याचा गिलावा यांचं काम येणाऱ्या कारागिरांची यादी पालिकेनं ठेवावी. भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्यांचं प्रकरण याहून अवघड आहे. तिथं सात ते बारा हिस्सेदारांची सही एका कागदावर आणावी लागते, आणि त्यासाठी पालिकेनं मध्यस्थीची सोय केली तर त्याचा उपयोग राजपथावरच्या कुठल्याही सुशोभीकरणापेक्षा जास्त होईल.